आत्याचं वावर आणि दुबईचं घर

हाताखालून गेलेली कितीतरी प्रकरणं आता विसरलो, पण बाळापूरकडच्या त्या दुबईवाल्याचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. एका माणसाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवलं नाही, एवढीच हकीकत. नावं सांगत नाही, कारण दोघंही हयात आहेत.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. गावातल्या एका साठीच्या बागायतदाराने रस्त्याकडची जमीन आणि अकोल्यातला प्लॉट विकून दुबईत फ्लॅट बुक केला. ठरावीक किमतीचं घर घेतलं की तिथे राहायचा दहा वर्षांचा परवाना मिळतो, हे आता आमच्याकडे पानटपरीवरही माहीत आहे. मुलगा तिकडेच नोकरीला होता. नवरा-बायकोला नातवंडांजवळ राहायचं होतं. एजंटाने जी कागदपत्रं मागितली, त्यांत पोलिसांचा दाखलाही होता, या माणसावर गुन्हा नाही असा. त्याच्या पडताळणीचा कागद आमच्याकडे आला. दाखला महिन्याभरात गेला नाही तर बुकिंग रद्द होणार होतं.

खरं सांगायचं तर सगळं ठाणंच त्याच्यावर जळत होतं. आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, आपण बदलीसाठी अर्ज करत बसलो, अन् हा वांगे विकून दुबईले चालला." मीही हसलो, पण माझा मुलगा पुण्यात भाड्याच्या घरात राहतो हे त्याच क्षणी मनात आलं आणि जरा टोचलंच.

पडताळणी जवळपास पूर्ण झाली आणि ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने शब्द जसेच्या तसे स्टेशन डायरीत घेतले: "त्यानं आत्याचं वावर खोट्या अंगठ्यानं इकलं अन् पळून चालला. दाखला देऊ नका." फोन बाळापूरच्या बसस्थानकावरच्या चहावाल्याच्या मोबाईलवरून आला होता. कुण्या म्हाताऱ्याने बॅटरी संपली म्हणून मागून घेतला होता, चेहरा चहावाल्याला आठवत नव्हता.

दाखला थांबवावा लागला. बागायतदार ठाण्यात येऊन नुसता बसून राहिला. त्याच्या बायकोने घरातली भांडीसुद्धा वाटून टाकली होती म्हणे. मी तलाठ्याकडून सातबारा मागवला. गंमत म्हणजे त्या गावात कुण्या आत्याच्या नावावर जमीनच नव्हती. गावात चारचौघांना विचारलं, तर आत्याचं वावर कुणी ऐकलेलंही नव्हतं.

शेवटी बागायतदारालाच विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला की नाल्यावरचं जे वावर आहे, त्याला फक्त आमच्या घरात आत्याचं वावर म्हणतात. त्याची आत्या नवऱ्याने टाकलेली. आजोबांनी कागदावर काही न करता तिच्या पोटासाठी ते तोडून दिलं होतं. घरची गोष्ट म्हणून बाहेर कधी कुणी बोललं नाही. आत्या जाऊन जमाना झाला, आणि ते वावर त्याने विकलेलंही नव्हतं.

म्हणजे फोन करणारा घरातला होता. घरात दुसरा पुरुष एकच, धाकटा भाऊ. त्याला बोलावून मी बराच वेळ उभं ठेवलं. तो घाबरला नाही, उलट चिडला.

"जयतो ना साहेब, खोटं काहून बोलू? दादा चालला अन् मी इथंच कापूस येचत राहीन. पण मी जयतो ते तोंडावर. दादाले इचारा."

इतकं उघड जळणारा माणूस निनावी फोन करत नाही, हे मला पटलं. मग मी त्याला चहा दिला आणि साधा प्रश्न केला: हे नाव घराबाहेर कुणाला माहीत असेल? थोडा विचार करून तो म्हणाला, आमच्या सावडीतल्या घराला. त्याच्या वडिलांकडे एक बैल होता आणि शेजाऱ्याकडे एक. दोन घरांची मिळून एक जोडी, आळीपाळीने दोन्हीकडे चालायची. त्या शेजाऱ्याचा मुलगा म्हणजे बागायतदाराचा लहानपणापासूनचा दोस्त.

त्या दोस्ताला मी ठाण्यात बोलावलं नाही. जागा पाहायची आहे, जरा सोबत चला, एवढंच म्हणालो. धुऱ्याधुऱ्याने, बांधांवरून हिंडत तो एकेक वावर दाखवत गेला. नाल्याशी आल्यावर मी विचारलं, हे कोणतं? तो सवयीने बोलून गेला, "हे आत्याचं." आणि मग जागीच खाली बसला.

"आमी दोघं संगच गेलो होतो साहेब, अकोल्याच्या हॉटेलात, त्या एजंटाचं ऐकाले. माही जमीन बहिणींसंग सामाईक, इकता येत नाही. त्याचं झालं. पह्यले एका बैलाले दुसरा लागे. आता त्याले कोणीच लागत नाही."

जबाब घेतला, दाखला त्याच दिवशी पाठवला. बदनामीची तक्रार द्यायची का, असं बागायतदाराला विचारलं. तो म्हणाला, जाऊ द्या. एवढंच नाही, जाताना ते आत्याचं वावर त्याने दोस्तालाच बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला दिलं, तेही गावासमोर. माफ करण्यातही एक तोरा असतो, तो त्याने पुरेपूर मिरवला.

मी निवृत्त होऊन अमरावतीला आलो. मागच्या हिवाळ्यात दुबईहून त्याचा फोन आला. आधी तब्येत, मग तिथल्या लिफ्टचं कौतुक. मग आवाज बदलला.

"साहेब, तो त्या वावरात हुरडा पार्ट्या करून राहिला. सारं गाव बोलावते, अन् फोटो मले धाडते. मुद्दाम. त्याच्यावर त्या जुन्या फोनची तक्रार आता देता येते काय?"

मुदत कधीच गेली, असं मी सांगितलं. नोकरीत मी समजत होतो की माणूस श्रीमंतीवर जळतो. तसं नसतं. दुबईतल्या शेखावर आमच्याकडे कुणी जळत नाही. ज्याच्या बैलाशेजारी आपला बैल जुंपला होता, त्याच्यावर जळतात, आणि जळणारा विमानात बसला तरी ते सोबत घेऊन जातो.

फोन ठेवला आणि बायकोने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत टाकला. त्या दुपारी आत्याच्या वावरातल्या हुरड्याला मलाही बोलावणं होतं. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.