पंचाविना खेळवणारे युनूसभाई

तहसील कार्यालयाच्या आवारात गेली अनेक वर्षे मी अर्ज लिहितो. वारसनोंदीचे, रेशनकार्डाचे, बांधाच्या तंट्याचे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले तरी माझ्या मसुद्यात दुरुस्ती सुचवण्याची वेळ आजवर फारशा अधिकाऱ्यांवर आलेली नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. गेल्या महिन्यात असाच एका बाईंचा वारसाचा अर्ज लिहीत होतो. ‘मयत इसम’ एवढे लिहून झाले आणि फोन वाजला. आमच्या कबड्डी संघाचा कर्णधार अशोक बोलत होता. “मुन्शीजी, भाई गेले.” मी विचारले, “कुठे गेले?” पलीकडून नुसते नाक ओढल्याचे ऐकू आले… समोरच्या बाई म्हणाल्या, “काय झालं हो?” मी म्हणालो, “आमचे युनूसभाई मयत…” आणि जो शब्द मी दिवसातून दहादा लिहितो, तो पूर्ण झाल्यावर पुढचे वाक्य मला जुळवता आले नाही. बाईंनीच आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

धारूरच्या बाजारपेठेत युनूसभाईंचे वडिलार्जित फळांचे दुकान आहे. तरुणपणी ते एका मोठ्या शहरात कंपनीच्या संघाकडून कबड्डी खेळले. गुडघा निकामी झाला तेव्हा गावी परतून दुकानावर बसले. परंतु फळविक्रेता म्हणून त्यांचे चित्र कोणी डोळ्यांपुढे आणेल तर ते चुकेल. केसांना मेंदी, पायात पांढरेशुभ्र बूट, पँटला अशी इस्त्री की बसतानाही ते गुडघ्याशी कापड चिमटीत धरून बसत. कोणी टोमणा मारला की म्हणत, “फळं इकतो म्हनून मी बी सुरकुतायचं का?” स्वभाव तापट. गिऱ्हाइकाने पपई दाबून पाहिली की हातातून काढून घेत. “बाजूच्या दुकानात दाब, हितं न्हाई.” मला ते मुन्शीजी म्हणत, आणि मी शुद्ध बोलू लागलो की हात जोडून उभे राहत, जणू समोर मोठा साहेबच उभा आहे. त्याचा मला राग येई. आता तसे हात कोणी जोडत नाही.

आमचा संघ किल्ल्याच्या पायथ्याशी सराव करतो, म्हणून सारा जिल्हा त्यास किल्ला संघ म्हणतो. मी त्याचा सचिव. संघाचे आश्रयदाते आप्पासाहेब, मोठे जमीनदार आणि राजकारणातले वजनदार गृहस्थ. त्यांच्या कृपेने संघात वर्षानुवर्षे बाहेरगावचे मानधनावरचे खेळाडू असत आणि जिल्ह्याच्या वरच्या गटात आमचे नाव असे. गतवर्षी हंगामाच्या तोंडावर ते सर्व खेळाडू दुसऱ्या एका पुढाऱ्याकडे निघून गेले. उरले काय, तर नाव, मॅट आणि सचिव. नवा प्रशिक्षक म्हणून आप्पासाहेबांनी युनूसभाईंना बोलावले, त्या बैठकीस मी उपस्थित होतो.

“भाई, बाहेरून कोन कोन आनायचं ते सांगा. गाडी पाठवतो,” आप्पासाहेब म्हणाले.

“गाडी पाठवा, पन लांब न्हाई. तेलगावला पाठवा. गनेश नावाचं पोरगं हाय, कापसाच्या जिनिंगवर गाठी उचलतंय. त्यानं पाय धरला तर बैल बी सुटनार न्हाई.”

“आन् बाकीचे?”

“बाकीचे हितलेच. तुमी रोज त्यांना पानटपरीवर बघता.”

आप्पासाहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, “करा तुमच्या मनानं. पन वरच्या गटात टिकलं पायजे. खाली घसरलात तर मॅट माझी, संघ माझा. पुन्हा बाहेरचे आनीन, ही पोरं टपरीवर माघारी.” युनूसभाईंनी ती अट मान्य केली. लेखी घ्यावी, असे मी सुचवले. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केले.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. मी शिट्टी आणली होती, कारण सरावात पंचाचे काम सचिवाने करण्याची आमची परंपरा. युनूसभाईंनी ती माझ्या खिशात परत घातली. “पंच न्हाई ठेवायचा. पंच असला की सगळे पंचाशी भांडत बसतेत, खेळत कोनी न्हाई. ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा आन् भाईर जायचं.” परिणाम असा झाला की कोणीच बाहेर जाईना. “लागलं बे तुला!” “आईशप्पत न्हाई लागलं!” एकेका चढाईवर गळ्याच्या शिरा ताणून वाद. युनूसभाई फळांच्या पालथ्या खोक्यावर बसून शेंगा सोलत. “भांडा. उरकलं की सांगा, मी हाय हितंच.” दिवेलागण होई, वाद मिटत नसे, ते खोके उचलून घरी जात. असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी गणेशने, कोणी ओरडण्याआधीच, हात वर केला आणि रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. त्या गड्याचे बोलणे मुळातच कमी. युनूसभाईंनी हातातल्या सोललेल्या शेंगा उठून त्याला नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांचेही हात वर जाऊ लागले, आणि नवल असे की खेळ वेगवान झाला.

वेगवान झाला, परंतु जिंकणारा झाला नाही. हंगामाच्या आरंभी आम्ही हरलो, मग पुन्हा हरलो, आणि मग हरण्याचे कोणास काही वाटेनासे झाले. प्रतिस्पर्धी आमची गाडी दिसताच म्हणत, “आले बे फळवाले, गुन वाटायला!” बाजारात लोक विचारत, “भाई, संघ काढला का धर्मशाळा?” ते उत्तर देत, “धर्मशाळाच. तू बी ये, गादी टाकतो.” एवढे बोलून ते गिऱ्हाइकाकडे वळत, मात्र त्या दिवशी माप चुकत असे, हे मी पाहिले आहे. छातीत कळ येत असल्याचे त्यांनी मला याच काळात सांगितले आणि लगेच दटावले, “पोरांना कळलं तर तुमची शाई सांडीन.”

पाटोद्याला मात्र आम्ही जिंकलो. अनपेक्षितपणे, दणदणीत. गणेशने डाव्या कोपऱ्यातून त्यांच्या नावाजलेल्या चढाईपटूचा घोटा असा धरला की तो गडी जमिनीवर पडल्या पडल्या हसू लागला. त्यानंतर आम्ही आणखी काही सामने जिंकले आणि अखेर हिशेब एवढाच उरला, की शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी वरच्या गटात आमची जागा राहत होती.

तो सामना आमच्याच मैदानावर झाला. गुण समान होते. अखेरची चढाई प्रतिस्पर्ध्यांची. त्यांचा गडी डाव्या कोपऱ्याकडे झेपावला, पाय फेकला, गणेश मागे सरला आणि चढाईपटू रिकामा परतला. पंचांनी गुण नाही, अशी खूण केली. शेवटची शिट्टी झाली. लोकांनी टोप्या उडवल्या, अशोकने मला उचलले, आप्पासाहेब व्यासपीठावरून खाली उतरले… आणि मॅटच्या कोपऱ्यात गणेश हात वर करून उभा होता. चढाई करणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याचे नख गणेशच्या घोट्याला निसटते लागले होते. पंचाला दिसले नव्हते, चढाई करणाऱ्याला स्वतःलाही कळले नव्हते. पंचांनी गणेशला जवळ बोलावून विचारले, त्याने मान हलवली, आणि पंचांनी गुण देऊन टाकला. एका गुणाने आम्ही हरलो आणि खालच्या गटात गेलो.

मैदानात जे शब्द उच्चारले गेले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. मी तिथल्या तिथे कागद काढला. आप्पासाहेबांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, “आमी हरकत घेतोय!” आणि मी हरकतीचा अर्ज लिहावयास बसलो. शिट्टीनंतर निर्णय फिरवता येत नाही आणि खेळाडूचे म्हणणे हा पुरावा होऊ शकत नाही, असे दोन मुद्दे मी घेतले. आजही माझे मत आहे की तो अर्ज मंजूर झाला असता. फक्त प्रशिक्षकाची सही हवी होती.

ती घेण्यास मी युनूसभाईंच्या दुकानी गेलो. आप्पासाहेब आधीच तेथे बसले होते. युनूसभाईंनी अर्ज माझ्याकडूनच वाचून घेतला, अगदी शेवटपर्यंत. “लई भारी लिहिलंय, मुन्शीजी,” ते म्हणाले. “पन पोरानं हात वर केलाय. आता ह्यो मी खाली कसा घेऊ?”

“सही करा, भाई. न्हाई तर आपलं ठरलेलं तुमच्या ध्यानात हाय,” आप्पासाहेब म्हणाले.

“हाय ना. मॅट उद्या न्या. सकाळी न्या, दुपारी लई तापती.”

एवढे बोलून त्यांनी माझा अर्ज घेतला, एक कच्ची पपई उचलली आणि तिला तो व्यवस्थित गुंडाळून फळीवर पिकत ठेवली. माझा एवढा अपमान आजवर कोणी केला नाही. कित्येक दिवस मी त्या रस्त्याने गेलो नाही.

मॅट गेली. आप्पासाहेबांनी बाहेरचे खेळाडू आणून दुसरा संघ उभा केला. मात्र आमची पोरे टपरीवर परतली नाहीत. त्याच पायथ्याला मातीवर सराव चालू राहिला. गणेश तेवढा आला नाही. सामना संपल्यावर गलक्यातूनच तो तेलगावला निघून गेला होता. युनूसभाई आपल्या स्कूटरवर त्याच्याकडे जाऊ लागले. स्कूटरचा आवाज आला की गणेश मागच्या दाराने निघून जाई. ते ओट्यावर बसत, त्याच्या वडिलांशी कापसाच्या बोलण्यात वेळ काढत, चहा घेऊन परत येत. मी म्हणालो, “जाऊ द्या आता.” ते म्हणाले, “तुमी अर्ज लिहा, मुन्शीजी. बोलवायचं काम माझं हाय.” शेवटच्या खेपेस ते परतले तेव्हा चेहरा काळवंडला होता. स्कूटर मलाच स्टँडला लावावी लागली. त्यानंतर आठवडा उलटला नसेल… पहाटे दुकान उघडताना ते शटरपाशीच खाली बसले, ते उठले नाहीत.

कब्रस्तानात माती देताना मी गणेशला पाहिले. तो सर्वांच्या मागे होता. मूठभर माती टाकून कोणाशी न बोलता निघून गेला.

काही दिवसांनी मी स्वतः तेलगावला गेलो. बोलवण्याचे काम करणारा आता उरला नव्हता. वाटेत मी एक सुसंबद्ध भाषण मनाशी रचले होते. या खेपेस गणेश घरातून निघून गेला नाही. मी दोन वाक्ये बोललो असेन, तोच तो म्हणाला, “मुन्शीजी, मला नका बोलवू. भाई माझ्यामुळं गेले.”

“असे कोण म्हणते?”

“मीच म्हनतो. मी हात वर केला, त्यांची मॅट गेली, संघ गेला. हरकतीचा अर्ज करावा लागला त्यांना माझ्यापायी. कोनत्या तोंडानं समोर जाऊ? म्हनून पळत हुतो.”

माझे भाषण तेथेच संपले. सबंध गावास ठाऊक असलेली गोष्ट याला ठाऊक नव्हती. ध्वनिक्षेपकावरची घोषणा ऐकून तो निघाला होता आणि पुढचे त्याला कोणीही, अगदी कोणीही सांगितले नव्हते. त्याला ते माहीत नसेल, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आले नाही. ज्यांनी सांगावयाचे, ते ओट्यावर बसून कापसाचे भाव बोलत राहिले…

“अर्ज गेलाच नाही, गणेश,” मी म्हणालो. “त्यांनी सही केली नाही.”

“कावून?”

मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पपईचेही सांगितले. पपईवर तो हसला, आणि हसता हसता त्याने भिंतीकडे तोंड वळवले. मी ओट्यावर बसून राहिलो. त्याच्या वडिलांनी मलाही चहा दिला.

परवा संध्याकाळी टेबल आवरून मी पायथ्याच्या मैदानावर गेलो. पोरे खेळत होती. शिट्टी नव्हती, पंच नव्हता. हात आपोआप वर जात होते, गडी बाहेर निघत होते. गणेश मैदानाच्या कडेला चप्पल हातात घेऊन उभा होता, आत जावे की नाही या विचारात. माझे लक्ष मग बचावाच्या साखळीकडे गेले. तिचे डावे टोक मोकळे होते. मी अशोकला विचारले, “एवढे दिवस सहा जणच खेळता? सातवा का घेतला नाहीत?”

“भाईंनी घेऊ दिला न्हाई. गनेश येनार हाय, त्याची जागा भरायची न्हाई, म्हनले.” आणि मग कडेला पाहून तो ओरडला, “ये की बे! किती येळ एका बाजूनं उघडं खेळायचं आमी?”

गणेशने चप्पल माझ्या पायाशी ठेवली आणि आत गेला.