काजल पराते खोलीत नाही

संगणकाचा पडदा सुरू करण्याआधी काजल पराते कॅमेऱ्याची काच ओढणीच्या टोकाने पुसायची. समोर म्हातारं माणूस आलं की आधी जेवण विचारायची, मग औषध. ‘समजलं का’ असं तिने कोणाला कधी विचारलं नाही. ‘आता तुम्ही मले सांगा’ म्हणायची आणि समोरचा सगळं सांगेपर्यंत हलायची नाही. धागा कापण्याआधी त्याचं टोक ओठांनी ओलं करायची, कारण नसताना. चिडली की चष्मा काढून ठेवायची. गेल्या वर्षी तो चष्मा बहुतेक वेळ टेबलावरच असायचा.

ती नागपुरात, नंदनवन भागात आईवडिलांजवळ राहायची. वडील ईश्वरदास उमरेडचे विणकर. माग विकून नागपुरात आले तेव्हा उरलेलं सूत पोत्यात भरून सोबत आणलं. ते टाकायला कोणाचाच हात होईना. काजल डी. फार्म. झाली आणि एका संस्थेत लागली. उमरेडच्या पुढे, जिथे एसटीसुद्धा मनात आलं तर जाते, अशा चार गावांत संस्थेने औषधाच्या खिडक्या उघडल्या होत्या. तिथे जाऊन राहायला एकही फार्मासिस्ट तयार नव्हता. म्हणून काजल नंदनवनच्या घरात, पुढच्या खोलीत बसायची आणि चारही खिडक्यांत एकेक पडदा असायचा. डॉक्टरची चिठ्ठी ती पडद्यावर वाचायची, गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून दाखवायला लावायची. ती ‘दे’ म्हणाली की मगच खिडकीवरची मुलगी औषध द्यायची. याला प्रयोग म्हणून परवानगी मिळाली होती, तीही मुदतीची.

आमघाटच्या खिडकीवर रोशनी बसायची. त्याच गावात वामनराव होते. त्यांना झटके यायचे. एकदा विहिरीच्या काठाशीच पडले होते, थोडक्यात वाचले. सकाळची गोळी वेगळी, रात्रीची वेगळी. रात्रीची सकाळी घेतली तर दिवसभर पेंग, आणि चुकली तर पुन्हा विहिरीचा काठ. त्यांना वाचता येत नव्हतं आणि बायको प्रयागबाईंना नीट दिसत नव्हतं. काजलने घरचं सूत काढलं. रात्रीच्या पाकिटाला काळा धागा, सकाळचं पाकीट तसंच. बोटांनी चाचपलं तरी कळेल. ती धागे कापून एसटीने पाठवायची आणि रोशनी पडद्यासमोर बांधायची.

एका सकाळी वामनराव खिडकीशी उभ्याउभ्या डुलत होते. काजलने दोन्ही पाकिटं दाखवायला सांगितली. एकालाही धागा नव्हता.

“काकाजी, काळा धागा कुठं गेला?”

“वासराले बांधला.”

“काहून?”

“नजर लागून राहिली होती त्याले. घरात एवढा चांगला काळा धागा अन् वासरू उघडं फिरून राहिलं. बरं दिसते का?”

काजलने चष्मा काढला. मग परत घातला. चूक तिचीच होती. पायाला काळा धागा बांधलेली लेकरं लहानपणापासून पाहत आली, तरी डोक्यात आलं नाही. त्या दिवसापासून धागा हिरवा झाला. हिरव्याने कोणाची नजर उतरत नाही.

ही घडी नीट बसली होती. मग औषध खात्याचे साहेब आले.

ते आमघाटला आले तेव्हा वामनराव खिडकीशीच उभे होते. रात्रीची शेवटची गोळी त्यांनी आदल्या दिवशी घेतली होती. साहेबांनी रोशनीला विचारलं, फार्मासिस्ट कुठे आहे. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी वाकून पडद्यात पाहिलं. परवानगीची मुदत संपली, नवे नियम तयार होत आहेत, तोवर जुना नियम, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. औषध देताना फार्मासिस्ट हजर पाहिजे.

“मी हजरच आहे साहेब,” काजल म्हणाली.

“खोलीत, मॅडम.”

“तुम्ही मले दिसून राहिले. मी तुम्हाले दिसून राहिली. तुमच्या खिशातला पेन गळून राहिला, तोही दिसून राहिला. मग मी कुठं नाही?”

साहेबांनी खिशाकडे पाहिलं. निळा डाग चांगला तळहाताएवढा झाला होता.

“खोलीत नाही,” ते म्हणाले.

सील लावायच्या आधी निदान वामनरावांची पट्टी तरी देऊ द्या, असं काजलने विनवलं. साहेबांनी विचारलं, कोणाच्या हाताने देणार. साहेब वाईट नव्हते. त्यांनी वामनरावांना सावलीत बसवलं, रोशनीकडून पाणी मागून घेतलं, मग शटर ओढून सील लावलं. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

काजलने रोशनीकडून चिठ्ठीचा फोटो मागवला, हिरव्या धाग्याचं रीळ पर्समध्ये टाकलं आणि बस धरली. उमरेडला उतरून स्टँडसमोरच्या दुकानात गेली. फोटो दाखवायला मोबाईल काढला, पण काउंटरवरच्या माणसाने त्याकडे पाहिलंच नाही. औषधांची नावं ऐकली आणि दोन्ही पट्ट्या समोर टाकल्या. कोणासाठी, किती, कधी, काही नाही. भिंतीवर काचेत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र होतं. काजलने नाव वाचलं. तिच्याच वर्गातला प्रीतम. तो लग्न झाल्यापासून पुण्यात विमा विकतो. इथे मात्र तो काचेत हजर होता.

फार्मासिस्ट म्हणून तिला जे औषध देता आलं नाही, ते गिऱ्हाईक म्हणून सहज मिळालं. ती पट्ट्या पर्समध्ये टाकून आमघाटच्या बसकडे निघाली.

आमघाटला पोचली तेव्हा वामनराव सील लावलेल्या खिडकीच्या ओट्यावरच बसलेले होते. तिला पाहून म्हणाले, पडद्यात बाई मोठी दिसते, खरी एवढुशी आहे. तिने जेवण विचारलं. पाकिटं भरली. मग म्हणाली, आता तुम्ही मले सांगा. वामनरावांनी सांगितलं, चुकवलं, पुन्हा सांगितलं. मधेच वासराची हकीकत आली. काजल हलली नाही. एवढ्यात परतीच्या बसने हॉर्न दिला. त्यानंतर दुसरी बस नव्हती. ती धावली, चढली, बसली. तेव्हा मूठ उघडून पाहिली, तर रीळ तिच्याच हातात. पाकीट बिनधाग्याचंच राहिलं होतं.

तिने रोशनीला फोन लावला. “धागा माझ्याजवळच राहिला वं. आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा.”

“तिथंच हाओ मी, ताई. काकाजीनं वासराचा काळा धागा सोडला अन् पाकिटाले बांधला.”

“अन् वासराले नजर?”

“लागली तर लागली म्हणते. वासराले झटके नाही येत.”

काजल बसमध्ये एकटीच हसली. शेजारची बाई सरकून बसली.

चारही खिडक्या बंद झाल्या. नवे नियम अजून यायचेच आहेत. काजलने मनीषनगरच्या एका मोठ्या दुकानात नोकरी धरली. तिथून दोन मिनिटांच्या अंतरात आणखी तीन औषधाची दुकानं आहेत. लोक मोबाईलवर बोलत येतात, बोलतच जातात. जेवले का, असं तिने एकाला विचारलं तेव्हा तो घाबरला.

वामनरावांचं त्या महिन्याचं औषध संपत आलं तसं तिने मालकाकडे एका दिवसाची सुटी मागितली. आमघाटला जायचं होतं. मालक वागायला चांगला होता. त्याने खरंच वाईट वाटून सांगितलं:

“तुम्ही गेल्या तर दुकान बंद ठेवावं लागते, मॅडम. फार्मासिस्ट हजर पाहिजे.”

काजलने चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

शेवटी रोशनीनेच कळवलं. कापूस वेचणीतून एक दिवस निघाला तर ती उमरेडहून पट्ट्या आणील, बांधीलही. फक्त धागे पाठवा. गावातल्या बाकीच्यांचेही पाठवा. काजल त्या संध्याकाळी नंदनवनच्या पुढच्या खोलीत बसली. टोक ओलं करायचं, फूटपट्टीवर मोजायचं, कापायचं. वामनरावांचे झाले. बाकी गावाचे सुरू केले आणि दुकानातून फोन आला, रात्रपाळीचा माणूस आला नाही, या. ती उठून गेली.

मैनाबाई, तिची आई, काजल येऊन उरलेले धागे कापेल म्हणून त्या टेबलावरून फडकं मारत नाहीत. बंद पडद्यासमोर फूटपट्टी आहे. पट्टीवर रिळातून ओढलेला हिरवा धागा आहे. कात्री त्याच्यावर उघडी ठेवलेली आहे.