काळूचा पूर आणि कल्याणचं शून्य

ठाण्याहून कल्याण म्हणजे प्रवास कसला, असं आमच्या घरच्या मंडळींचं मत. पण मागच्या पावसाळ्यात मी निघालो तो एका माणसाला खोटं पाडायला.

तालुक्यांचे पावसाचे कागद मी ठाण्याच्या कचेरीत तपासतो. कल्याणचे कारकून बाळकोबा तीन दिवस ‘शून्य’ लिहून पाठवत होते, आणि तिकडून येणारा जो तो सांगत होता की नदी बंदराच्या पायऱ्या चढली! मी तांबड्या शाईत शेरा ठोकला: ‘पाऊस न मोजताच शून्य लिहिलेले दिसते.’ साहेब म्हणाले, जाऊन खात्री करा, खरं निघालं तर त्याला घरी पाठवू.

जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी आणि डाव्या हाताला बसावं. मुंब्र्याचे बोगदे संपले की खाडी सोबतीला येते, दिव्यापासून पुढे नुसती भातखाचरं. लख्ख ऊन पडलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

बाळकोबांनी पाऊस मोजायचं भांडं पुढे केलं. “बघा. आत माशी मेलीय, तीसुद्धा कोरडी.”

“मग नदी कुणी भरली?”

“ते पोशा नाखव्याला विचारू. आधी खाऊन घ्या.” त्यांच्या पत्नीने गरम घावन आणि गूळ दिला. नोकरीवर गदा आली आहे हे तिला ठाऊक होतं, तरी आग्रह करून वाढत होती. घावन फार सुरेख होते, पण मी एकच खाऊन उठलो.

पोशा कोळ्याने चार आण्यांत होडी काढली. भरती लागताना निघावं, वल्ही हलकी जातात. संगमाशी पोचलो. उजवीकडून उल्हास येत होती, हिरवट, संथ. डावीकडून काळू, लालभडक, झाडंझुडं लोटत.

पोशाने पाण्यात हात घातला. “यो पानी काळूचा हाय, दादा. तिकरं मालशेजला लय परलाय. उल्हास बगा, निजलीय. दोगींचा पावूस येगला.”

“आणि कल्याणला?”

“कल्यानला कसला? माजी वालत घातलेली जाली बगा, कोरडी ठाक हान.”

माळशेज मुरबाड तालुक्यात. मुरबाडचा कागद त्याच टपालाने आला होता आणि माझ्या मेजावर न उघडलेला पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठाण्याला उतरलो तो थेट कचेरीत. मुरबाडच्या कागदावर शून्य औषधालाही नव्हतं. माझ्या शेऱ्याखाली लिहिलं: ‘वरील शेरा चुकीचा. मुरबाडचा कागद न उघडता मारला.’ खाली सही केली.

साहेबांनी वाचून विचारलं, “मग आता घरी कुणाला पाठवू?” आणि हसले. मला हसू आलं नाही. तेव्हापासून मी आधी घाटाखालच्या तालुक्यांचे कागद उघडतो, मग बंदरांचे.

घरी मंडळींनी विचारलं, “कल्याणला पाऊस होता का हो?”

“शून्य,” मी म्हटलं. “बाळकोबांनी स्वतः मोजलाय.”