ओल्या फडक्याने पुसलेला त्रिकोण

तिने माझा त्रिकोण ओल्या फडक्याने पुसला.

बाकीच्या पोरांची गणितं कोरड्या डस्टरने पुसली जायची. पोरंच पुसायची, एकमेकांच्या अंगावर खडूची पूड उडवत. माझा त्रिकोण पुसायला साहेबांची बायको स्वयंपाकघरातून फडकं भिजवून घेऊन आली. फळ्यावरून पाणी ओघळलं. मग तिने खाली वाकून फरशीही पुसली, मी उभी होते तेवढीच.

जागा बालीगंज. दुसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट, गॅलरीत तुळस. साहेब म्हणजे माझ्या बाबांचे साहेब. एका सरकारी कचेरीत ते अधिकारी, आणि त्यांच्या दाराबाहेर स्टुलावर बसणारे शिपाई माझे बाबा. बदलीवर कलकत्त्याला आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या मुलांना साहेब दर रविवारी घरी गणित शिकवायचे. फुकट. परमुलखात आपल्या माणसांनी आपल्या माणसांना धरून राहावं, असं म्हणायचे. बाबांनी हे दाराबाहेरून ऐकलं. भोळा माणूस. ‘आपली माणसं’ म्हटल्यावर त्यात आपणही आलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी विचारलं आणि साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, “आण की.”

सत्तर-एकाहत्तरचा काळ. माझं शाळेचं शेवटचं वर्ष. हिंदी शाळा, आणि ती निम्मे दिवस बंदच. कधी संप, कधी रस्त्यात बाँब. गणिताचे मास्तर गावी गेले ते परत आलेच नाहीत. टेस्ट तोंडावर आलेली. टेस्टमध्ये पास झालं तरच शाळा बोर्डाच्या परीक्षेला बसू द्यायची. भूमितीत माझी पार दांडी. कुणाला विचारणार? आई अंगठा लावायची, बाबा चौथी.

त्या रविवारी आम्ही गार्डन रीचच्या आमच्या वस्तीतून बस बदलत बदलत गेलो. बाईंनी दार उघडलं. बाबांचं मराठी ऐकून चेहरा असा खुलला म्हणून सांगू!

“अगंबाई, मराठी का? या ना, या! आडनाव काय तुमचं?”

बाबांनी सांगितलं.

“म्हणजे... नवबौद्ध का?” आवाज एकदम खाली. घरात कुणी आजारी असल्यासारखा. “बरं बरं. बसू दे तिला तिथे, दाराशी. वारा येतो छान.”

मी दाराशी बसले. बाबा खाली जिन्यात जाऊन थांबले.

प्रत्येकाने आपलं अडलेलं गणित फळ्यावर मांडायचं, अशी तिथली रीत. माझी पाळी कुणी सांगितली नाही. मीच उठले. पेटीतला खडू घेतला आणि त्रिकोण काढला. शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, ती मध्यगा. सिद्ध करायचं होतं, की त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज या मध्यगेच्या दुपटीहून मोठी असते. मी आठवडाभर डोकं आपटलं होतं त्याच्यावर.

“हे तुला कशाला हवंय?” साहेब म्हणाले. चिडून नाही हं. समजावून. “तुझं पाढ्यांवर भागेल.”

मी खडू परत पेटीत ठेवायला गेले. साहेबांनी पेटीवर हात ठेवला. सगळा पंजा. आणि हसून म्हणाले, “तो खडू राहू दे तुझ्याकडेच. घेऊन जा.”

एक बारकं पोर ओरडलं, “काका, मलाही द्या ना एक!”

“तुला नवा देते हं,” बाई म्हणाल्या, आणि फडकं भिजवायला आत गेल्या.

त्या पोराला कळलं नाही. मला कळलं. कळायला काय गणित लागतं? खोलीतल्या मोठ्या पोरापोरींनाही कळलं, कारण सगळी एकदम वह्यांत बघायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फळा आणि फरशी पुसून झाली तशी खडू मुठीत धरून मी जिन्याकडे निघाले. मागून बाई आल्या, वरूनच बाबांना म्हणाल्या, “मुलीला आमच्याकडे ठेवा कायमची. धुणं, फरशी, बाळाला बघायचं. टेस्टचा निकाल लागला की पाठवा. नापास तर होणारच आहे.”

फडकं धरायला माझा हात चालत होता. खडू धरायला नाही.

बाबांनी हात जोडले. “बघतो, बाईसाहेब.” बसमध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, “नापास झालीस तर मला नाही म्हणता येणार नाही, बाई. ते साहेब हायेत.”

म्हणजे असं होतं. तो एक विषय, आणि पलीकडे ती फरशी.

आमच्या वस्तीत रेशनच्या दुकानाला लागून एका गोदामाची लांबलचक भिंत होती. रांग तिच्या कडेने उभी राहायची. भिंतीवर डांबराने लिहिलेल्या घोषणा, एकावर एक. या पक्षाच्या, त्या पक्षाच्या, बंदूक घ्या म्हणणाऱ्यांच्या. एके दिवशी रांग हलेना, सूर्य डोक्यावर. माझ्या झग्याच्या खिशात तो खडू. का कुणास ठाऊक, काढला आणि दोन घोषणांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्रिकोण काढला. रागानेच काढला. इंग्रजी अक्षरं घातली, खाली लिहिलं काय सिद्ध करायचं ते. कुणाला विचारायचं म्हणून नाही. पुसा आता, एवढंच मनात होतं.

पुढचे धोतरवाले म्हातारे बंगाली बाबू वळले. चष्मा वर केला. “ए अंकटा कार?” हे गणित कुणाचं?

मी म्हटलं, माझं.

झालं! रांगेला कामच मिळालं. बाबू म्हणाले सोपं आहे, आणि अडकले. मागचा कारकून म्हणाला, तुम्ही प्रमेयच चुकीचं धरलंय. त्याच्या मागचा शिंपी उर्दूत म्हणाला, “मियाँ, कैंची से काट के देख लो.” सगळी रांग हसली. बाबू भडकले. एका बाईंनी विचारलं मी कुठली, मी म्हटलं मराठी. “ओ बाबा, बर्गी!” ती म्हणाली. मराठे एके काळी बंगाल लुटायला यायचे, ते बर्गी. पिढ्यान्‌पिढ्या तिथे पोरांना त्यांची भीती घालतात. मला हसूच आलं. माझ्या आज्यापणज्यांना गावची विहीर कधी मिळाली नाही, ते कुठला बंगाल लुटणार? पण त्या बाईने मला मराठ्यांत धरलं. बालीगंजच्या मराठ्यांनी धरलं नव्हतं.

तेव्हा नीट कळलं नाही, घरी येताना कळलं. एवढी माणसं माझ्या त्रिकोणावर भांडली, आणि एकानेही आडनाव विचारलं नव्हतं.

उत्तर मात्र कुणालाच आलं नाही.

दोन दिवसांनी केरोसीन आणायला गेले तर त्रिकोण तसाच. नाही, तसाच नाही. मध्यगा त्रिकोणाच्या बाहेर गेली होती. कुणीतरी ती तेवढीच पुढे वाढवली होती, आणि तिच्या टोकापासून त्रिकोणाच्या कोपऱ्यापर्यंत दुसरी रेघ जोडली होती. निळ्या खडूने, शिंपी कापडावर वापरतात तसल्या. उत्तर नाही. शब्द नाही. नुसत्या दोन रेघा.

मी बघत राहिले. आणि एकदम दिसलं! बाजूला एक नवा त्रिकोण झाला होता. पहिल्यातली एक बाजू जशीच्या तशी त्यात उतरली होती. आता दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या, एवढंच म्हणायचं होतं. मी रिकामा डबा हातात घेऊन रस्त्यात उभी, आणि डोळ्यांतून पाणी. आठवडाभर मी आतच शोधत बसले होते.

त्यानंतर मी दर वेळी नवं गणित लिहायची. लोक हमखास चुकायचे, भांडायचे, माझ्या अक्षराला नावं ठेवायचे. आणि एखाद्या सकाळी निळी रेघ उमटलेली असायची. कधीच पूर्ण उत्तर नाही. मी चुकले की चुकीवर बारीक गोल. एकदा बंगालीत लिहिलं होतं, “भालो.” छान. तो एक शब्द मी रात्रभर उशाशी घेऊन झोपले. एकदा मला राहवलं नाही, मी लिहिलं, “आपनि के?” तुम्ही कोण? दुसऱ्या दिवशी खाली निळ्या खडूत एक नवं गणित होतं. म्हणजे, कामाचं बोल. मला हसू आलं, आणि मी ते सोडवलं.

कोण होतं ते? तो शिंपी, की कुणी पोरगा, बाई, मास्तर, कॉलेज सोडलेला कुणी? मी रांगेत येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोटं बघायची, निळी दिसतात का. कधी दिसली नाहीत.

माझा खडू झिजून नखाएवढा झाला होता. शेवटचा तुकडा संपवून मी एक वर्तुळाचं गणित लिहिलं, तेव्हा टेस्ट अगदी जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी वस्तीला पोलिसांचा वेढा. बंदूकवाली पोरं शोधायला घराघरात झडती. आम्ही दार लावून बसलो. आईने माझं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं. बाहेरून आवाज आले, मग यायचे थांबले.

वेढा उठल्यावर मी धावत गेले. भिंत पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चुना. घोषणा गेल्या, माझं वर्तुळ गेलं. चुना अजून ओला होता. त्याचा वास आला आणि मला बालीगंजचा फळा आठवला.

लोक कुजबुजत होते. गोदामाच्या मागून काहीजणांना नेलं म्हणे. कुणी म्हणे गाडीत घातलं, कुणी म्हणे गाडीपर्यंतही नेलं नाही. नावं कुणी घेतली नाहीत. म्हातारे बाबू रांगेत होते, त्यांनी भिंतीकडे पाठ केली होती. मी विचारलं, “निळ्या खडूने लिहायचं ते कोण?” ते हळूच म्हणाले, “जिगेश कोरो ना, मा.” विचारू नकोस, पोरी.

त्यानंतर निळी रेघ आली नाही. मी कोळशाने लिहून बघितलं. खाली काहीच उमटलं नाही. कदाचित ते माणूस घाबरून दूर निघून गेलं असेल. कदाचित गणिताचा कंटाळा आला असेल. मी आजवर स्वतःला हे सांगत आलेय आणि मला ते आजवर पटलेलं नाही. कुणीतरी नेलं गेलं, आणि त्याच्या बोटांना निळं लागलेलं होतं, असंच मला दिसतं. झोपेत दिसतं. तो होता की ती, एवढंही मला माहीत नाही. रडायचं तरी कुणाच्या नावाने?

वर्तुळाचं गणित मी एकटीने सोडवलं. टेस्ट पास झाले. बोर्डातही पास झाले, आणि गणितात रविवारच्या वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क.

मग मराठी मंडळींनी पास झालेल्या मुलांचा सत्कार ठेवला. अध्यक्ष, अर्थातच, साहेब. त्यांनी माझं नाव पुकारलं. पूर्ण, आडनावासकट, जरा थांबून. “परिस्थिती कशीही असो, योग्य मार्गदर्शन मिळालं की काय होतं, त्याचं हे उदाहरण. आमच्या रविवारच्या वर्गाची ही विद्यार्थिनी!” टाळ्या. नारळ आणि पेन त्यांनी माझ्या हातात दिलं नाही, टेबलाच्या कडेला सरकवलं. “दोन शब्द बोल, बेटा.”

बाबा मागे भिंतीशी उभे होते. ते मान हलवत होते. नको, नको.

मी बोलले. “यांच्या घरी मी एक त्रिकोण काढला. तो ओल्या फडक्याने पुसला. मी धरलेला खडू यांनी परत घेतला नाही. तो मी रेशनच्या भिंतीवर संपवला. मला तिथे शिकवलं. ज्यांनी शिकवलं त्यांना माझं आडनाव माहीत नव्हतं. हा नारळ मी घेणार नाही.”

शब्द एकही गिळला नाही.

कुणीतरी म्हणालं, “यांना जवळ केलं की असंच.” बाई नाकाला पदर लावून खिडकीकडे बघत होत्या. साहेब हसतच होते, पुढचं नाव वाचायला लागले होते.

रस्त्यात बाबा म्हणाले, “काहून बोलली तू?” मग स्वतःच म्हणाले, “खोटं नव्हतं. पण उद्या मला त्याच दारात उभं राहायचं हाये.”

पण तेही राहिलं नाही. आठवड्याच्या आत बाबांना तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत टाकलं. तिथे खिडकी नव्हती. रिटायर होईपर्यंत ते तिथेच खोकत राहिले. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं का? ज्यांनी नारळ कडेला सरकवला, त्यांना विचारा हे. मला विचारू नका.

मी पुढे गणितच शिकवलं, जन्मभर. माझ्या वर्गात खडू या हातातून त्या हातात फिरायचा. एका वर्षी एक बाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “त्या मुलीला जरा मागे बसवाल का?” मी त्यांच्या मुलाच्या हातातला खडू काढून त्या मुलीच्या हातात दिला आणि तिला फळ्यापाशी उभी केली. तक्रार झाली. होऊ दे.

नवी रंगवलेली पांढरी भिंत दिसली की अजून माझे पाय थबकतात. वाटतं, चुन्याखाली ती रेघ आहे. बाहेर जाणारी. ते माणूस माझ्या वर्तुळाच्या उत्तराशी पोहोचलं होतं की नाही, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. म्हणून एक ठरवून टाकलंय. अडलेलं घेऊन माझ्या दाराशी येईल त्याला मी विचारीन ते फक्त गणित. आणि जो आधी आडनाव विचारतो, त्याच्यासमोर मी यापुढे कधीही, कुठेही गप्प बसणार नाही.

आणा तुमची ओली फडकी. आणा चुना. पुसा. माझ्याकडे खडू आहे.