चाफ्यावरचा तांबेरा आणि माझं ज्ञान

वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली. त्यामुळे मला झाडातलं काही कळत नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. माझी तर नव्हतीच.

इंदूरजवळच्या राऊला आमच्या घरी मोठ्या कुंडीत चाफा होता, सासूबाईंनी लावलेला. त्या गेल्यावर सासरे रोज सकाळी त्याचं एक फूल त्यांच्या फोटोला वाहायचे. देवाशी त्यांचं कधी जमलं नाही. फक्त ते एक फूल.

गेल्या पावसाळ्यात चाफ्याच्या पानांवर तांबेरा आला. पानाखाली नारिंगी भुकटी, बोट लावलं की हळद लागल्यासारखं. आणि त्या भुकटीत नारिंगीच, तिळाहून बारीक अळ्या. "कीड!" मी जाहीर केलं आणि फवारणीचा पंप भरायला घेतला.

सासरे परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये कापड तपासायचे. सूत मोजायचं घडीचं भिंग अजून त्यांच्या खिशात असतं. ते पानाला लावून म्हणाले, "बेटा, रुक जरा. तीन दिवसांपासून बघतोय मी. ह्या पान नाही खात, पानावरचा हा नारिंगी जंग खातायत. खाऊ दे ना बिचाऱ्यांना."

"बाबा, अळ्या पानच खातात." दहावी पास माणसाला आणखी काय समजावणार! अख्खं इंदूर ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करतंय, आणि आम्ही अंगणात अळ्या पाळायच्या? छे! फवारलं. औषध कीटकांचं, तांबेरा म्हणजे बुरशी, तिला त्याचं काय! संध्याकाळपर्यंत अळ्या साफ. तांबेरा मजेत.

भराभर पानं गळायला लागली तेव्हा बाईसाहेबांनी, म्हणजे मी, पुस्तक उघडलं. तांबेऱ्याचे बीजाणू खाऊन जगणाऱ्या अळ्या, सचित्र. सिलॅबसमध्ये नाही म्हणून वर्गात मी दरवर्षी सोडून देते, तेच पान.

त्या एवढ्याशा अळ्यांनी झाड वाचवलंच असतं असं नाही. पण मी त्यांना खाऊही दिलं नाही, याची मला भयंकर लाज वाटली. फुलं थांबली. फोटोपुढे बाजारातला झेंडू आला.

शेवटी मीच गेले. ते कुंडीजवळ स्टुलावर बसून उघड्या फांदीला भिंग लावत होते.

"बाबा, चुकलं माझं."

"अगं, तुझी सासू पण कुठे ऐकायची माझं," ते म्हणाले, आणि भिंग माझ्या हातात दिलं. "आता तू बघत जा. मला नाही बघवत."