एकच फांदी

माझ्या मुलीच्या स्क्रीनवर कडुलिंब वाढत होता. ती तो हाताने काढत नव्हती. फांद्या किती अंतरावर फुटाव्यात, किती वाकाव्यात, एवढे नियम तिने संगणकाला दिले होते आणि झाड आपलं आपण वाढत होतं. तिला फक्त एक फांदी चित्रातल्या खिडकीपर्यंत खाली हवी होती. तिने एक आकडा बदलला आणि सगळं झाडच दुसरं झालं. आवडलेला शेंडाही गेला.

मी तिच्या शेजारी बसून पाहत होते. वडिलांशी भांडून तिने घर सोडलं, त्याला दोन वर्षं झाली. आज मी पहिल्यांदाच तिच्या खोलीवर आले होते. ‘एकदा बाबांना भेट’ एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्याने हे शेजारी बसणंही गेलं तर?

“आता नवीन सोय आलीय,” ती म्हणाली. जुनं झाड परत आणून तिने ती फांदीच माउसने धरली आणि सावकाश खाली ओढली. बाकीचं झाड जागचं हललं नाही.

आमच्या घरातही नियमच होते. एखादी फांदी हाताने धरायची सोय कुणी ठेवली नव्हती.

चहा निवला होता. फांदी न सोडता ती म्हणाली, “आई, बाबांचं बोलायचंय ना तुला? बोल. मी उठून जाणार नाही.”