आधी आपली नाडी

मेंढीला हात लावण्याआधी वामनकाका स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे. गुढियारीहून सायकल मारत आलेले असले तर पाच-पाच मिनिटं. ते प्रयोगशाळेतले जुने परिचर, मी नवी पशुवैद्य. मला घाई असायची, त्यामुळे चीड यायची.

"काहून थांबता काका?"

"माही नाडी पळून राहिली, तर मेंढीची बी पळन. मंग तुह्या कागदावर कोणाची भीती उतरन, सांग?"

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि आमच्याकडे पहिलंच मोठं काम आलं होतं. मोडलेलं हाड भरून काढणारं एक नवं मिश्रण मेंढ्यांच्या मांडीच्या हाडात घालायचं आणि त्याचा हृदयावर काय परिणाम होतो ते ईसीजीवर बघायचं. काका त्याला 'मसाला' म्हणत, गवंडी विटांना लावतो तसा. पुढे तो माणसांत वापरायचा की नाही, हे आमच्या कागदांवर ठरणार होतं. त्या धास्तीने मला जेवण जात नसे.

चौथ्या मेंढीचा ठोका चुकला. मग पुन्हा चुकला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ईसीजीची पट्टी पाहिली न पाहिली असं केलं. "डर गई होगी. ये रीडिंग छोड़ दो," म्हणाले आणि गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

काकांनी आपलं मनगट माझ्यापुढे धरलं. "मोज." बहात्तर भरले. त्यांचा दुसरा हात मेंढीच्या मानेवर होता, ती निवांत उभी होती आणि पट्टीवर ठोका चुकतच होता.

"मी नाही भ्यालो, ते बी नाही भ्याली. हे मसाल्याचंच आहे, बेटा. लिहून टाक."

मी लिहिलं. पुढच्या मेंढ्यांतही तेच दिसलं आणि काम थांबलं. सर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काकांची माझी शेवटची भेट हॉस्पिटलातली. घरात पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन व्हायचं होतं. हाडात भरणार ते आमचं मिश्रण नाही ना, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं. तरी खोलीच्या दारातच माझी बोटं मनगटावर गेली. नाडी उतरेना. मी तिथेच उभी राहिले.

"किती?" काकांनी पलंगावरून विचारलं.

"एकशे दहा."

त्यांचीही दोन बोटं स्वतःच्या मनगटावर होती.

"माही बी तेवढीच," ते म्हणाले. "ये, हात धर. मी काही मेंढी नाही."